पारायणात अडकलेला नाताळ

एस्तेर, मरायला तुला हाच आठवडा सापडला का गं?

रागावूनच सुरुवात करतेय, कारण रडायची सोय नाही. दत्ताच्या पोथीला सात दिवस बसलेल्या बाईने पोथीपुढे डोळ्यांतून पाणी काढू नये, असं मला कुणीतरी कधीतरी सांगितलंय. कुणी ते आठवत नाही, त्यामुळे मोडायची परवानगी कुणाकडे मागायची तेही कळत नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, "कमळे, तुझे नेम लई, आन् नेम लावनारा एकबी न्हाई." म्हण ना. भिंत तीच आहे, एका विटेची, तुझ्या बाजूने हिरवी आणि माझ्या बाजूने पिवळी. इतकी वर्षं तुझ्या फोडणीने मला इकडे ठसका लागायचा. तू गेल्यापासून पलीकडून माणसांचा आवाज येतो, भांड्यांचा येत नाही.

आज नाताळ आहे आणि मी आसनावर बसलेय. हे लिहितेय तेही इथेच बसून. उद्या दत्तजयंती. उद्या पोथी संपेल, पुरणाचा नैवेद्य होईल आणि मी सुटेन. सुटून जायचं कुठे, ते मात्र कुणी सांगत नाही. ज्या दारात जायचं होतं त्या दारात आता तू नाहीस.

पारायणाचे नेम तुला नव्याने सांगायला नकोत. माझ्या जावेपेक्षा तुलाच ते जास्त पाठ. चटईवर झोपायचं, कांदा-लसूण नाही, दुसऱ्याच्या घरचा घास नाही, वेस ओलांडायची नाही आणि मातीला, सुतकाला जायचं नाही. तू बोटं मोडून म्हणून दाखवायचीस आणि शेवटी विचारायचीस, "श्वास घ्यायला परवानगी हाय ना?" यंदा मात्र तू थट्टा केली नव्हतीस. यंदाचा संकल्प जयश्रीचा होता. माझ्या लेकीचं पहिलं तिसऱ्या महिन्यात गेलं, दुसरं सातव्यात. आता तिसऱ्या वेळी दिवस भरत आलेत आणि ती माहेरी, माझ्या डोळ्यांपुढे आहे. मी पोथी धरली, तू शुक्रवारचे उपास धरलेस. "दोन्हीकडनं धरलंय आपन, आता पोर सुटतंय कुठं," असं तू तिला म्हणालीस, तेव्हा ती कितीतरी महिन्यांनी मोकळी हसली होती. त्या हसण्यासाठी मी तुझं काय वाटेल ते ऐकून घेतलं असतं.

आपलं खरं भांडण पंचांगाचं होतं. दत्तजयंती कधी नाताळाच्या आधी जायची, कधी नेमकी येऊन त्याला धडकायची. धडकली की तू कमरेवर हात ठेवून माझ्या दारात उभी.

"माझा नाताळ बघ, ठरल्या तारखेला येतो. कुनाला इचारावं लागत न्हाई. तुझा दत्तच दरसाली जागा बदलतो. मग आडवं कोन आलं, सांग."

"दत्त तिथीने येतो, बाई."

"मग तिथीला म्हनावं, जरा सरकून बस."

तुला उत्तर नकोच असायचं. तुला चहा हवा असायचा.

ज्या वर्षी तारखा लांब पडायच्या ती वर्षं किती सोपी गेली. दिव्यांची माळ आपण निम्मे-निम्मे पैसे घालून सोनईच्या बाजारातून आणलेली. वसुबारसेला ती माझ्या ओट्यावर चढायची, तुळशीचं लग्न लागलं की उतरून तुझ्याकडे यायची आणि तुझ्या नवऱ्याने, भाऊजींनी, कामट्यांना पतंगाचा कागद चिकटवून केलेल्या चांदणीभोवती गुंडाळली जायची. माझं दिवाळीचं ताट तुझ्याकडे, तुझं नाताळाचं माझ्याकडे. दोन्ही ताटांत करंज्या, शंकरपाळे, चकल्या. गल्लीतली नवी सून एकदा म्हणाली होती, मग फरक काय? तू म्हणालीस, "फरक हाय की. हिच्या चकलीत मीठ कमी." मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नव्हते, आणि तिसऱ्या दिवशी खरंच मीठ वाढवलं होतं.

आणि तो केक! राहुरीच्या बेकरीत भट्टी मिळायची म्हणून तुम्ही बाया पत्र्याचे डबे घेऊन टेम्पोत बसायचात, झाकणावर खडूने नावं लिहिलेली. मार्गशीर्षात मी अंडं खात नाही म्हणून तू एक छोटा डबा वेगळा करायचीस, दही आणि सोडा घालून. एस्तेर, तू गेलीस म्हणून आता खरं सांगते, तो केक वीट होती. चहात बुडवल्याशिवाय दाताखाली तुटायचा नाही. तरी पहिला तुकडा मी तुझ्यासमोर कोरडाच खायची, कारण तू माझ्या तोंडाकडे बघत उभी राहायचीस.

नाताळाच्या आधी तुमची गाणी म्हणणारी मंडळी गल्लीत यायची. एका वर्षी त्यांचा ढोलकीवाला ऊसतोडीला गेला आणि आमच्या यांनी ढोलकी हातात घेतली, ती नंतर सोडलीच नाही. भजनी मंडळातला मृदंग वाजवणारा माणूस, तुमच्या गाण्यात अशी काही लग्गी लावायचा की पाळकसाहेब पुढचं कडवं विसरायचे. सप्ताह बसला की भाऊजी आमच्या टाळकऱ्यांत उभे. कुणी कुणाला बोलावणं धाडलं नव्हतं. हल्ली गावात दोन्हीकडची काही पोरं ह्यावर नाक मुरडतात. यांनी एकाला ऐकवलं होतं, "तुला ठेका धरता येतो का? येत न्हाई? मग गप बस." ती गोष्ट तू दहा घरी जाऊन सांगितलीस.

मला मात्र आज ते वर्ष सारखं आठवतंय, जेव्हा पारायण आणि नाताळ पहिल्यांदा एकमेकांवर आले. तू ताट घेऊन आलीस आणि मी हात मागे घेतले. परान्न. तुझा चेहरा उतरला, पण क्षणभरच. ताट तू परत नेऊन ठेवलंस आणि पाचव्या मिनिटाला माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसलीस, दोन्ही हात पाठीमागे बांधून.

"पीठ तुझं, तूप तुझं, चूल तुझी, हात तुझे. मी नुसती तोंडानं सांगनार. आता हे परान्न कसं व्हतंय ते सांग मला."

मग मी नाताळाच्या करंज्या केल्या. माझ्याच घरात, तुझ्या हुकमाखाली. खसखस भाज, अजून भाज, जळली आता. मुरड बारीक घाल, ती काय गोधडीची शिवण आहे का. हात लावता येत नाही म्हणून तू नुसती तळमळत होतीस. तळून झाल्यावर तू डोळे मिटलेस आणि त्या करंज्यांवर तुझी प्रार्थना म्हटलीस. आमेन झालं आणि आपण दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. प्रार्थना परान्नात धरायची की नाही? पोथीत तसं काही लिहिलेलं नव्हतं. आपण खाल्ल्या. त्यानंतर जेव्हा जेव्हा तारखा धडकल्या तेव्हा तू उंबऱ्यावर आणि मी कढईपाशी, हा आपला नेमच होऊन बसला.

मी त्याला नेम म्हणत होते. तू काय म्हणत होतीस ते मला यंदा कळलं.

पारायण बसायच्या आदल्या दिवशी मी सुकं खोबरं किसत होते. तू आलीस, पण बसली नाहीस. मी म्हटलं, खोबरं जरा जास्तच घेतलंय, नाताळाला ये उंबऱ्यावर. तू म्हणालीस, "ह्या बारीला मी न्हाई येत."

मला वाटलं गुडघे दुखत असतील.

"गुडघ्याचं न्हाई, कमळे. दर बारीला मीच का उंबऱ्यावर? तुझा नेम आला की मी वाकायचं. माझा सण आला तरी मीच वाकायचं. एक बारी तू ये. नको खाऊ काय. घोटभर पानी बी नको पिऊ. नुसती येऊन माझ्या घरात बस."

मी म्हटलं, पोरीसाठी चाललंय एस्तेर, या वेळी काही कमी-जास्त नको. तू म्हणालीस, "ती काय माझी पोर न्हाई?" आणि गेलीस. चहाला थांबली नाहीस. तुझ्या हयातीत माझ्याकडून चहा न घेता गेल्याचा तो एकच दिवस.

आता हे भांडण असंच राहणार. तुझं बरोबर होतं हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं आणि माझंही चूक नव्हतं, हेही तितकंच खरं आहे. तू जिवंत असतीस तर आपण हे दहा वर्षं ओढलं असतं, मजेत ओढलं असतं.

पारायणाच्या चौथ्या दिवशी, सकाळची अंघोळ करून मी दिवा लावत होते, तेव्हा भिंतीपलीकडून भाऊजींचा आवाज आला. तुझं नाव. मग पुन्हा तुझं नाव, जोरात. मग धावपळ, रिक्षा बोलवा, पाणी आणा. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा तिचं काही काम उरलं नव्हतं. छातीत कळ आली म्हणे, आणि झालं. हे सगळं मी भिंतीला कान न लावता ऐकलं. एका विटेच्या भिंतीतून काय ऐकू येत नाही?

हे आत आले आणि म्हणाले, "तू बस. मी जातो खांद्याला." मी उठले नव्हतेच, तरी ते बस म्हणाले. कर्जतहून नणंदेचा फोन आला, "वयनी, आसन सोडू नका हां. पोरीकडं बघा." सगळ्यांनी मला बस म्हणून सांगितलं आणि कुणीच मला बांधून ठेवलं नाही. दार सताड उघडं होतं. तुझ्या दारापर्यंत जायला मला एक शंकरपाळा तोंडात विरघळेपर्यंतचा वेळही लागला नसता.

मी उठले असते आणि पोरीला काही झालं असतं, तर जन्मभर मला हे उठणं दिसलं असतं. मी उठले नाही, आता जन्मभर हे बसणं दिसेल. ह्यातून वाट कुठून काढायची ते मी पोथीलाही विचारलं. पोथी आपलं पुढचं पान दाखवत राहिली. मी वाचत राहिले, मोठ्याने, कारण पलीकडे तुमचं गाणं सुरू झालं होतं आणि ते मला ऐकायचं नव्हतं. तुला एकदा विचारलं होतं, तुमच्या मयताच्या गाण्याला आमच्या भजनाची चाल कशी? तू म्हणालीस, चाल काय कुणाच्या बापाची असते का. त्या दिवशी ती चाल माझ्या तोंडातल्या ओवीत घुसली आणि मी पोथी तुमच्या चालीवर वाचली. थांबवता आलं नाही.

दुपारी तुझा थोरला पुण्याहून आला. उन्हं उतरायच्या आत तुला उचललं. पावलं आमच्या ओट्यासमोर थांबली. कुणी थांबवली ते मला माहीत नाही. मग पुढे गेली, पाटाच्या कडेच्या तुमच्या जागेकडे. गल्ली इतकी शांत झाली की मला माझाच आवाज परक्या बाईचा वाटला.

मी जयश्रीला हाक मारली नाही, अध्याय चालू असताना मध्ये बोलायचं नाही म्हणून. आतल्या खोलीत झोपली असेल असं धरून चालले. बऱ्याच वेळाने मागच्या दाराची कडी वाजली आणि न्हाणीघरात बादली भरल्याचा आवाज आला. डोक्यावरून पाणी ओतल्याचा आवाज, एक तांब्या, दुसरा, तिसरा. सकाळी अंघोळ केलेली पोर दिवेलागणीला थंडीत डोक्यावरून पाणी घेतेय, याचा अर्थ आमच्यात लहान पोरालाही कळतो. माती देऊन आलेलं माणूस अशी अंघोळ करतं.

अध्याय संपायला बरीच पानं होती. मी ती वाचली. कशी वाचली ते दत्ताला माहीत. पोटुशी बाईने मयत नुसतं रस्त्याने जाताना बघू नये म्हणून मी तिला सकाळपासून ओट्यावर येऊ दिलं नव्हतं. जिच्यासाठी मी तुझं तोंड बघायला उठले नाही, तीच पोर नवव्या महिन्याचं पोट घेऊन मागच्या दाराने तुझ्या मातीला जाऊन आली होती.

ती ओल्या केसांनी दारात येऊन उभी राहिली. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. अक्कल, जीव, दोन वेळचं दुःख, सगळं काढलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "झालं? आता मी बोलू?"

"बोल."

"माझं बाळ गेलं तवा नगरच्या दवाखान्यात ते हातात कुनी घेतलं हुतं?"

मला तेव्हा बाहेर बाकावर बसवून ठेवलं होतं. आजीने बघू नये, असं कुणीतरी म्हणालं आणि मी बसून राहिले. बसायला सांगितलं की मी बसते, हे आता तुझ्या ध्यानात आलं असेल.

"नर्स इचारत हुती, कोन घेतंय. माझ्या नवऱ्याला आत यायचं धाडस झालं न्हाई. सासूबाई भिंतीकडं तोंड करून हुत्या. एस्तेर मावशी पुढं झाली. पदरात घेतलं. मला दाखवू नका म्हनून सगळे सांगत हुते. तर ती वाकली आन् माझ्या कानात म्हनली, नाक तुझं हाय गं." जयश्रीचा आवाज हलला नाही. "तवापासून ज्यानं त्यानं मला इसर म्हनून सांगितलंय, आई. तूबी. माझ्या बाळाला नाक हुतं, हे फकस्त तिनं सांगितलं. तिला मी एक मूठ माती द्यायची न्हाई?"

तिच्या केसांतून पाणी गळत होतं आणि मी पदराने पुसायलाही उठू शकत नव्हते, कारण ती मातीहून आलेली आणि मी सोवळ्यात. तिने स्वतःच टॉवेल घेतला.

मला तुझा राग येतोय, एस्तेर. तू माझ्या लेकीला माझ्याआधी समजलीस म्हणून. आणि मी तुझी इतकी ऋणी आहे की तो राग धड करताही येत नाही. आमच्यातलं एकही माणूस त्या पोराकडे बघायला तयार नव्हतं आणि तू बघितलंस, नीट, आईला सांगता येईल इतकं बघितलंस. नंतर चार घरांच्या गप्पा तू माझ्यापाशी केल्यास, ही एक कधी केली नाहीस.

आज सकाळी तुमची उपासना सुटल्यावर मंडळी चर्चमधून तुझ्या घरी आली. चांदणी लावलेली नाही, माळ खोक्यात आहे. दुःखाचं घर म्हणून त्यांनी ढोलकी आणली नव्हती, नुसते टाळ होते, तेही हळू. तरी गाणं नाताळाचंच होतं, बाळ जन्मल्याचं. त्यांना दुसरं म्हणता येत नव्हतं, आजच्या दिवसाला तेवढंच गाणं आहे. भाऊजींचा आवाज मध्येच तुटायचा आणि पुन्हा लागायचा. मी वाचत होते. जयश्री खिडकीपाशी भिंतीला टेकून उभी होती, पोटावर हात ठेवून.

आणि मी वाचायची थांबले. ओवीच्या मध्येच. कधी थांबले नव्हते.

"जयू," मी म्हटलं, "मावशी आनखी काय म्हनली हुती?"

तिने वळून पाहिलं. बाळाबद्दल मी तिला पहिल्यांदाच विचारत होते, हे तिलाही कळलं आणि मलाही. ती आली आणि सरळ माझ्या आसनाच्या कडेवर बसली, ज्याला इतके दिवस मी घरात कुणाला बोट लावू दिलं नव्हतं. मी तिला ऊठ म्हटलं नाही.

"केस लई हुते म्हनली. काळे." ती हळू बोलत होती, पलीकडचं गाणं चालूच होतं. "मी गुपचूप जायची तिच्याकडं, परत परत सांग म्हनायची. ती दर बारीला सांगायची. कधी कटाळली न्हाई."

"आन्?"

"आन् बोटं लांब हुती. मावशी म्हनायची, बोटं तेवढी आजीची घेतलीत."

वाचता वाचता ओळ चुकू नये म्हणून मी पोथीवर बोट धरलेलं होतं. आम्ही दोघींनी त्याच्याकडे पाहिलं. मला पुढे वाचता येईना, आणि ते बोट उचलताही येईना.